लांबट चेंडूची जागा

चेंडूच्या कारखान्यात दोन विभाग होते आणि मध्ये भिंत नव्हती, फरशीवर नुसता एक पिवळा पट्टा ओढलेला होता. पट्ट्याच्या अलीकडे गोल, पलीकडे लांबट. गोल म्हणजे जगभर लाथाडला जातो तो फुटबॉल. लांबट म्हणजे अमेरिकन फुटबॉल, ज्याला पायापेक्षा हातच जास्त लागतो, तरी नाव फुटबॉलच. अलीकडे बावीस जणं गुडघ्यांत लाकडी चिमटा धरून दोन सुयांनी चामड्याचे तुकडे जोडत बसायची. पलीकडे मोजून पाच माणसं. आता बावीस विरुद्ध पाच म्हटल्यावर चेष्टा कुणाची व्हायची, हे सांगायला ज्योतिषी नको.

चेष्टेचा मुख्य पुजारी होता बहाद्दर. लोकांनी ठेवलेलं पूर्ण नाव आकडेबहाद्दर. कुठल्या खेळाडूला वर्षाला किती कोटी मिळतात, जाहिरातीचे वेगळे किती, क्लब बदलताना किती, हे सगळं याला तोंडपाठ. स्वतःचा पगार वीस तारखेला संपायचा, पण दुसऱ्याचे कोटी सांगताना चेहऱ्यावर असं तेज यायचं, की वाटावं करारावर सही यानंच केलीय. आणि हे सगळं तो सांगायचा कुणाला? पट्ट्यापलीकडच्या आपल्या साडूला.

साडू म्हणजे बहाद्दरच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. अंगापिंडानं दांडगा, म्हणून सगळे पैलवान म्हणायचे. स्वभावानं मात्र गाय. त्याचं काम चेंडू उलटवायचं. लांबट चेंडू आतली बाजू बाहेर ठेवून शिवतात. मग तो वाफेच्या पेटीत मऊ करायचा आणि दोरी ओवायला ठेवलेल्या चार बोटांच्या फटीतून, लोखंडी खुंटावर दाबून, अख्खा चेंडू सुलटा करायचा. चामडं जाड, फट एवढीशी, आणि निवायच्या आत उरकायचं. दिवसाला साठ. कारखान्यात हे काम त्याच्याएवढं सफाईनं कुणालाच जमत नव्हतं, आणि त्याला स्वतःला त्याचं कवडीचं कौतुक नव्हतं.

कौतुक असणार कसं? बहाद्दरनं सहा वर्षं त्याच्या डोक्यात एकच खिळा ठोकला होता. तुमच्यातला सगळ्यात महागडा गडी घे, आमचा एकटा त्याच्यासारखे तीन खिशात घालून फिरतो. तुमच्याकडे संघाच्या एकूण पगाराला छप्पर घातलंय, आमच्याकडे मोकळं आभाळ. तुमचे गडी डोक्यावर टोपडं घालून खेळतात, भर मैदानात बायकोला नवरा ओळखू यायचा नाही. आमच्या गड्याचं तोंड जगातल्या कुठल्याही गल्लीतलं पोर ओळखतं. बाकीचे खिदळायचे आणि पैलवानही हसायचा. गोल विभागातली सगळ्यात जुनी शिवणारीण, जिला सगळे मावशी म्हणायचे, तिनं एकदा सुई न थांबवता म्हटलं होतं, की त्यांच्यातला बाकावर बसलेला शेवटचा गडीसुद्धा पोटभर जेवतो म्हणे, आपल्याकडे एक राजा आणि त्याच्या खाली हजार भिकारी. त्यावर बहाद्दर म्हणाला, मावशी, भिकाऱ्यांना विचारतंय कोण.

गंमत अशी, की पैलवानाला वेड होतं ते गोल खेळाचंच. वाफेच्या पेटीच्या झाकणावर त्यानं त्या खेळातल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूचं चित्र चिकटवलेलं होतं, वाफेनं सुरकुतलेलं. आपण चुकीच्या बाजूला जन्मलो, असं काहीसं त्याला वाटत असावं.

आता या कारखान्याची एक रीत सांगायला हवी. इथे नोकरी माणसाला नव्हती, जागेला होती. जागा गेली की जागेवरचा माणूस गेला, मग त्याची पंधरा वर्षं झालेली असोत नाहीतर पंधरा दिवस. पण सहा महिन्यांतून एकदा आठ दिवस अदलाबदलीचे असायचे. दोघांनी मिळून मुकादमापुढे उभं राहायचं, माझी जागा याला, याची मला, असं म्हणायचं, की मुकादम वहीत लिहायचा. एकदा लिहिलं की पुढच्या अदलाबदलीपर्यंत देवालाही खोडता यायचं नाही, फक्त जागेवरचा माणूस आपणहून उठला तरच.

अदलाबदलीला पंधरा दिवस असताना बहाद्दर मुकादमाच्या खोलीत नव्या चष्म्याचा अर्ज घेऊन गेला. टेबलावर एक गोल चेंडू होता. सवयीनं त्यानं नख शिवणीवरून फिरवलं आणि नख कुठे अडकलंच नाही. टाकाच नव्हता. तुकडे एकमेकांना साच्यात तापवून चिकटवलेले. मुकादमानं दार लावून घेतलं आणि सांगितलं, की असली यंत्रं तीन महिन्यांत येताहेत, गोल विभागाच्या बावीसच्या बावीस जागा जाणार. बोंब करू नकोस, तुझ्या घरात काय सांगायचं ते सांग.

बहाद्दरनं विचारलं, "आणि लांबट?"

मुकादम हसला. म्हणाला, लांबटला कोण यंत्र घेतंय? खपतात किती ते? गोल चेंडू सगळं जग विकत घेतं, म्हणून तर यंत्राचा खर्च निघतो. त्या पाच जणांना कोण हात लावणार नाही.

दुसरा कुणी असता तर तिथेच मटकन बसला असता. ज्या खेळाच्या जोरावर आयुष्यभर मिशांना पीळ दिला, त्याच खेळाच्या खपानं याची जागा खाल्ली. पण बहाद्दर पक्का. जिना उतरेपर्यंत त्याचा हिशेब झाला होता. पलीकडच्या पाच जणांत चार त्याला विचारणारसुद्धा नव्हते. उरला पाचवा.

रविवारी सकाळी बायको भाजी चिरत होती तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं. तिची सुरी थांबली. "आणि माझ्या बहिणीचं काय? पाठ धरली म्हणून तिनं आत्ताच धुलाईतलं काम सोडलंय. त्यांच्या घरात तो एकटा कमावतो."

"आपल्याही घरात मी एकटाच कमावतो. तुझी बहीण की तू, तेवढं ठरव."

मग तिनं उरलेली भाजी चिरून टाकली. बहाद्दरनं ते उत्तर धरलं, आणि खरं सांगायचं तर ते उत्तरच होतं.

जागा आपण मागायची नाही, समोरच्यानं आपल्या पायाशी येऊन ती घ्या म्हणायला पाहिजे, ही खरी कला. बहाद्दरनं सोमवारपासून आवाज वाढवला. मोठ्या स्पर्धेच्या चेंडूंचं काम म्हणे आपल्याकडे येतंय. अंतिम सामन्यात तो सगळ्यात मोठा खेळाडू ज्याला लाथ मारेल, तो चेंडू या बावीस जागांपैकी एकीवर शिवलेला असेल. माझ्याच असेल कदाचित. आपल्या हाताचा टाका, त्याचा पाय, आणि सगळं जग बघतंय. असं म्हणून तो पट्ट्यापलीकडे बघायचा नाही. ते तर आणखी वाईट.

गुरुवारी पैलवान जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन शेजारी येऊन बसला. चार घास खाल्ले, पाणी प्यायला आणि म्हणाला, दादा, तुमची जागा मला द्याल का. बहाद्दरनं घास खाली ठेवला. वेड लागलं का तुला, म्हणाला. पंधरा वर्षांची जागा आहे, कुणी मागतं का अशी? पैलवान ओशाळून उठला. शुक्रवारी परत आला. बहाद्दर म्हणाला, बायकोला विचारतो. शनिवारी म्हणाला, बायको नाही म्हणते. त्या रात्री पैलवानाला घास गेला नाही, असं मेहुणीनंच येऊन आपल्या ताईला, बहाद्दरच्या बायकोला, सांगितलं. ताई ऐकत राहिली.

सोमवारी बहाद्दर विरघळला, पण एका अटीवर. सगळ्यांसमोर बाकावर उभं राहायचं आणि कबूल करायचं.

आणि तो एवढा मोठा माणूस खरंच बाकावर चढला. "गोल खेळ राजा, लांबट खेळ भिकारी," तो म्हणाला. "सहा वर्षं मी भिकाऱ्याच्या दारात चाकरी केली. आज दादांनी मला राजवाड्यात घेतलं." लोकांनी टाळ्या पिटल्या. कुणीतरी आणखी एकदा म्हण म्हटलं, त्यानं आणखी एकदा म्हटलं. मावशीनं तेवढी मान वर केली नाही. पलीकडचे चार जण आपापल्या कामाकडे बघत राहिले, कारण भिकारी म्हटलं ते त्यांच्याच भाकरीला. मग दोघे साडू मुकादमापुढे गेले. मुकादमानं एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघितलं आणि लिहून टाकलं.

पैलवानाच्या जाडजूड बोटांत सुई म्हणजे खांबाला काडी बांधल्यासारखी. बाकीचे दिवसाला चार चेंडू करायचे, याचा जेमतेम एक. बोटं चिरलेली, पण चेहरा असा, की जणू लग्न ठरलंय. बहाद्दरचे मात्र पलीकडे हाल कुत्रा खाईना. पहिल्याच दिवशी खांदा भरून आला. चेंडू अर्धा उलटायचा आणि अडायचा, निवायचा, वाया जायचा. साठाच्या जागी चौतीस झाले.

तेव्हा धावून आला कोण? जेवणाच्या सुट्टीत पैलवान घाईघाईनं डबा संपवायचा, पट्टा ओलांडायचा आणि वीस-पंचवीस चेंडू धडाधड उलटवून ठेवायचा. दादा, खांदा नका लावू, कंबर लावा, असं शिकवायचाही. बहाद्दरला शिकायची गरज काय होती? आयतं मिळत होतं. तो खुंटाशेजारी बसून कोण किती कोटींना विकला गेला ते वाचून दाखवायचा, आणि पैलवान घामाघूम होत मान डोलवायचा.

अकराव्या आठवड्यात यंत्रं आली. मुकादमानं गोल विभागाला उभं केलं आणि बावीस जागा वाचून दाखवल्या. बाया रडल्या, दोघातिघांनी शिव्या दिल्या. पैलवान आधी हसला, त्याला वाटलं आपली चेष्टा चाललीय. सहा वर्षं चेष्टाच ऐकलेली, दुसरं काय वाटणार? मावशीनं आपला चिमटा, सुया पिशवीत भरल्या आणि त्याचा दंड धरून त्याला दारापर्यंत नेलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मेहुणी आणि तो बहाद्दरच्या घरी आले. मेहुणी बसली नाही. तिनं उभ्यानंच विचारलं, भाऊजी, तुम्हाला हे आधी ठाऊक होतं का? बहाद्दरनं छातीवर हात मारला. ठाऊक असतं तर मी घरच्या माणसाला विहिरीत ढकललं असतं का? पैलवान बायकोवरच ओरडला, की दादांवर असला आळ घ्यायला तुला लाज नाही वाटत?

"मला भाऊजींची शपथ नकोच," मेहुणी म्हणाली. "ताई, माझ्या डोक्यावर हात ठेव आणि तू सांग."

स्वयंपाकघराच्या दारात ताई उभी होती. बहाद्दरनं तिच्याकडे बघितलं, नुसतं बघितलं. ती पुढे आली. या डोक्याला तिनं लहानपणी तेल लावलेलं, उवा काढलेल्या, वेण्या घातलेल्या. त्यावर तिनं हात ठेवला. "यांना काही ठाऊक नव्हतं," ती म्हणाली.

मेहुणी लगेच रडायला लागली आणि ताईच्या गळ्यातच पडली. माफ कर म्हणाली. पैलवानानं बहाद्दरला बाजूला घेऊन विचारलं, दादा, आता दुपारचे चेंडू कसे होतील तुमचे? वाफेच्या खोलीला मागच्या गल्लीत खिडकी आहे ना, मी येत जाईन. माझी जागा गेली ती गेली, तुमची तरी टिकू दे.

लाज नावाची वस्तू माणसाला कुठेतरी आडवी येते म्हणतात. बहाद्दरला आली नाही. दुसऱ्या दिवसापासून दुपारी खिडकीतून वाफाळलेले चेंडू बाहेर जायचे आणि सुलटे होऊन आत यायचे. गल्लीत खुंट नव्हता, म्हणून पैलवान फुटपाथच्या कडेच्या लोखंडी खांबावर दाबून उलटवायचा. सकाळभर काम शोधत हिंडायचा, दुपारी फुकट राबायचा, संध्याकाळी परत हिंडायचा. मोबदला म्हणून बहाद्दर त्याला खिडकीतून चहा द्यायचा, तोही रोज नाही.

त्यानंतरच्या आठव्या आठवड्यात एका दुपारी मुकादम सिगारेट ओढायला मागच्या गल्लीत आला. समोर पैलवान, हातात अर्धा उलटलेला चेंडू. खिडकीत बहाद्दर. मुकादमाला आधी उलगडेना, मग सगळं उलगडलं.

"म्हणजे इतके दिवस चेंडू हा करतोय होय," तो म्हणाला. मग पैलवानाकडे वळून जरा नरमाईनं, "पण कमाल आहे तुझी. यंत्रांचं मी याला अदलाबदलीच्या आधीच सांगितलं होतं. घरात सांग म्हटलं होतं. जागा बदलायला आलात तेव्हा मला वाटलं, तुला माहीत असून तू साडूसाठी उठतोयस. म्हटलं घरातला मामला, आपण कशाला बोला."

पैलवानाच्या हातातला चेंडू निवत चालला होता. त्यानं तो खांबावर टेकवला, कंबर लावली आणि पुरता सुलटा केला. खिडकीच्या कठड्यावर ठेवला.

मुकादमाला माणसांशी देणंघेणं नव्हतं, चेंडूंशी होतं. तो म्हणाला, मला काय, साठ चेंडू मिळाल्याशी मतलब. वही मी खोडू शकत नाही, पण जागेवरचा माणूस आपणहून उठला तर आज दुपारपासून याला बसवतो. बोल बहाद्दर, उठतोस?

खिडकीमागे लांबट विभागातले चौघे येऊन उभे राहिले होते. ज्या खेळाला सहा वर्षं भिकारी म्हटलं, त्याच्या दारात बहाद्दर दोन्ही हातांनी चौकट धरून उभा होता. खांदा ठणकत होता. पेटीत अठरा चेंडू शिल्लक होते आणि ते आपल्याच्यानं होणार नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पैलवानानं त्याच्याकडे एकदाच बघितलं, आणि त्या बघण्यात मागणं नव्हतं, नुसती वाट बघणं होतं.

"नाही," बहाद्दर म्हणाला. "नियम म्हणजे नियम."

मुकादमानं खांदे उडवले, सिगारेट विझवली आणि संध्याकाळपर्यंत साठ पाहिजेत म्हणून बजावून निघून गेला.

पैलवानानं हात पँटला पुसले. "मी बायकोला काही सांगणार नाही," तो म्हणाला. "तिला एकच बहीण आहे." आणि गल्लीच्या टोकाकडे चालायला लागला.

बहाद्दरच्या तोंडून काय निघावं? "अरे, निदान एवढे अठरा तरी करून जा की!" मागे उभ्या चौघांपैकी एक जण थुंकला. पैलवान वळला नाही. त्या अठरातले चार झाले, बाकीचे निवून दगड झाले.

संध्याकाळी बहाद्दर घरी आला तेव्हा उजवा हात वर होत नव्हता, पण मन हलकं होतं. जेवायला बसताना त्यानं बायकोला सगळं सांगितलं, अगदी खुशीत. मुकादम कसा बोलला, आपण कसे ठाम राहिलो, आणि शेवटी, की तो तुझ्या बहिणीला सांगणार नाही म्हणाला, सुटलो आपण.

बायकोनं वाढलेलं ताट त्याच्यापुढे ठेवलं, पदराला हात पुसले आणि चपला घातल्या.

"कुठे निघालीस?"

"बहिणीकडे."

"आता कशाला?"

"तिच्या डोक्यावर हात ठेवून मी खोटं बोलले, ते सांगायला."

"अगं, वेडी आहेस का? ती रोज येऊन बोंब मारेल, मग मला उठावंच लागेल! आपली जागा जाईल!"

तिनं कडी काढली. पाठीमागून तो जागा, जागा म्हणून ओरडत राहिला, आणि ती जिना उतरून गेली.